पाच दिवसांचा राजा

१२ मार्च १९६२
साखरखेर्ड्याहून बैलगाडीने गावात पोचलो. शाळा दोन खोल्यांची, पण पोरं तरतरीत. पाटील वामनरावांकडे जेवलो. पुण्याकडच्या मास्तरचं बोलणं ऐकायला ओसरी भरली होती. गहू घरात आला की इथे पाच दिवस राजाचा खेळ असतो. यंदाचा राजा मीच, असं त्यांनी हसत ठरवूनही टाकलं. मन प्रसन्न आहे.

१४ मार्च
आजपासून खेळ. चावडीपुढे बसायचं, हुकूम सोडायचे. खेळणारा राजा एकटाच. तो वागेल तसं बाकीचं गाव वागतं. गोड बोललो, तर शालूबाईंनी दही आणून दिलं. रागावल्याचं सोंग केलं, तर म्हातारे उत्तमराव खरोखर कापू लागले. मला ते आवडलं, हे लिहून ठेवतो.

१५ मार्च
कडूबा माळ्याने माझ्या बोलण्याची नक्कल केली. सगळे हसले. मी चिडलो आणि राजाच्या थाटात म्हणालो, "कडूबा, तू मेलास." हसणं थांबलं. त्याची बायको गोजरबाई खाली बसून बांगड्या फोडू लागली. काय हुबेहूब सोंग, असं मला वाटलं.

१६ मार्च
कडूबा आपल्या ओट्यावर बसलेला. त्याच्याकडे कुणी पाहत नाही, त्याला ताट वाढत नाही. मी हुकूम मागे घेतला. वामनराव शांतपणे म्हणाले, "राजाले बी आपला शब्द माघारी घेता येत नाही." मागे एका वर्षीच्या राजाने गावातल्या पुंजाजीची विहीर आटली म्हटलं होतं, असं त्यांनी सांगितलं. विहीर काठोकाठ आहे, पण तेव्हापासून तिच्यात कुणी पोहरा सोडलेला नाही.

१८ मार्च
भाकरी घेऊन गेलो. कडूबाने हात लावला नाही. "गुरुजी, मेलेल्या माणसाले काऊन जेवू घालता?" मी पाया पडलो, तर मलाच समजावत बसला. तुमचा काय दोष, म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर—

१९ मार्च
खेळ संपला, असं मी वामनरावांना सांगितलं. संपला, म्हणाले. मेला तो मेला. गाडी मागितली, कुणी देईना. पायी निघालो. वाटेत सगळे हात जोडून उभे. बाजूला कुणी होईना. माघारी फिरलो.

२० मार्च, दुपार
तिरडीवर कडूबा. डोळे उघडे. जिवंत आहे, मी ओरडलो. त्याने मान वळवली. "चालू द्या, गुरुजी."
पळून शाळेत आलो. कडी लावली.
त्याला मुलगा नाही. ज्याच्या शब्दाने मेला त्यानेच अग्नी द्यायचा, म्हणतात.
अख्खं गाव दारात. कुणी दार वाजवत नाही. मी काय करतो, एवढंच खिडकीतून पाहताहेत. मी नाही म्हणालो तर— वामनराव विचारताहेत, काय हुकूम. खेळ संपला तरी माझा शब्द अजून हुकूमच आहे. मी तोंड उघड—