उपाशी रोपं

॥ श्री गुरुबसव प्रसन्न ॥
सेलू, आषाढ शु. ७, शके १८६०

ती. रेवणसिद्धअण्णास, धाकटी बहीण चन्नबसम्माचा सा. शरणार्थ वि. वि.

इकडं सारे खुशाल. यांचं जिनिंगातलं काम चालू हाय. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मी पेडगावला यायलेय. वहिनीला धपाटे करायला सांग. तुझ्या हातचा चहा मात्र नको.

अण्णा, माहेरी आले असताना गेलेल्या माझ्या गिरिजाला मातीत ठेवलं त्या मुरमाच्या पाणथळाकडं लक्ष दे. लहान लेकराला दगड कशाला, असं सासरे म्हणाले, म्हणून खूण न्हाई. उकरलेल्या मुरमावर तांबडी दवाची रोपं येतात, तेवढ्यावरूनच मला जागा ओळखू येते. भर उन्हातही त्यांच्या पानांवरचं दव सुकत न्हाई. मागल्या साली तिथं कपाळ टेकलं, तर लेक जवळ असल्यागत वाटलं. शेरडं शिरू देऊ नको.

माया हाय तशीच राहू दे.

पेडगाव, आषाढ व. ३

चि. सौ. चन्नबसम्मास अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. चहाला नावं ठेवलीस, आता आलीस की तोच पाजीन.

तू सांगायच्या आधीच मी कामाला लागलो होतो. मागं बघितलं, तर त्या रोपांच्या पानांना चिलटं चिकटलेली, अन् पानं मिटून त्यांना खायलेली. लय कसंतरी झालं. मुरमात पोटाला काय मिळणार? लेकराच्या उशाला उपाशी झाड नको, म्हणून उन्हाळ्यातच काळी माती अन् कुजलेलं शेणखत गाड्यांनी नेऊन सगळी उतरण सपाट केली. आता गवत बघत राहावं असं माजलंय. दवाची रोपं अजून वर आली न्हाईत, पण खाऊनपिऊन दाट येतील. बिनघोर राहा.

थोरांना शरणार्थ, लहानांना आशीर्वाद सांग.

सेलू, भाद्रपद शु. २

ती. अण्णास सा. शरणार्थ वि. वि.

निघताना तुझ्याशी बोलले न्हाई, त्याची रुखरुख लागलीय. तू माझ्या लेकीच्या रोपांना खायला घातलंस, त्याचा राग कसा धरू? ती रोपं मुरमात उपाशीच जगणारी, खतानं मरणारी होती, हे आपल्याला कुणी सांगितलं न्हाई.

तिची जागा तू बांधाजवळ म्हणालास, वहिनी बाभळीखाली म्हणाली, अन् मला गुडघाभर गवताशिवाय काही दिसलं न्हाई. हातानं उकरलं, तर सगळीकडं तीच काळी माती. बेल मुठीत तसाच परत आणला, तो इथं देवळीत वाळून गेला. गिरिजा दुसऱ्यांदा गेली, अन् या खेपेला कुठं गेली तेही ठाऊक न्हाई. पुढच्या साली रोपं येतील, असं वहिनी म्हणाली. मला आशा न्हाई.

गवत कापशील तेव्हा तिच्या अंगावरून विळा फिरवू नको, असं लिहायला बसले होते. पण कुठला तुकडा सोडायचा, ते मला सांगता येत न्हाई.

माया असू दे.
तुझी चन्नबसम्मा