ड्रायव्हर आजोबांची झोप आणि माझा टॉर्च

सोमवार, ३ मार्च
आज सकाळी वृद्धाश्रमातली पहाऱ्याची रात्रपाळी संपल्यावर घरी न जाता डॉक्टरांच्या खोलीत गेलो, मनात देवाचं नाव घेतलं आणि शब्द देऊन आलो. ड्रायव्हर आजोबांना झोपेची कडक गोळी नको. त्यांना मी झोपवतो. आजोबा रेल्वेचं इंजिन चालवायचे. आता स्मरण गेलंय. रात्री उठून हिंडतात, पडण्याची भीती. पण गोळी दिली की दुसरा दिवसही झोपेतच जातो. मुलगी रोज दुपारी येते आणि घोरणं ऐकून परत जाते. डॉक्टर म्हणाले, एक आठवडा बघा, नाहीतर गोळी. सिस्टर म्हणाली, साहेब, तुम्ही झोपवणार? त्या 'तुम्ही'त आदर होता असं मी धरतो.
संकल्प: ड्यूटीवर डोळा लागू द्यायचा नाही. तसा माझा लागतही नाही.

मंगळवार, ४ मार्च
राउंड वाढवले. प्रत्येक खाटेपाशी तोंडावर टॉर्च धरून हळूच विचारलं, झोपलात ना? बहुतेकांनी हो म्हटलं. समाधान वाटलं. कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, मेल्या, झोपले होते की! म्हणजे झोप लागते, हे सिद्ध झालं. ड्रायव्हर आजोबा मात्र उठून चालू लागले.

बुधवार, ५ मार्च. दुपारी
घरी झोप येत नाही. बायको म्हणते, तिथे झोपून आल्यावर इथे कशी येणार? याला उत्तर देणं मला शोभत नाही.
लाल उजेडाने झोप मोडत नाही असं कुठेसं वाचलं होतं. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद चिकटवला. साधी गोष्ट, पण सुचावी लागते.

गुरुवार, ६ मार्च
यश! आजोबा हिंडले नाहीत. खाटेच्या कडेला ताठ बसून राहिले, नजर माझ्या टॉर्चवर. विचारलं, आडवं नाही का व्हायचं? म्हणाले, कसा होऊ, उभी आहे ना. कोण उभी, ते सांगेनात. बहुधा त्यांची वारलेली बायको दिसत असावी. मीही हात जोडून क्षणभर उभा राहिलो.
रिपोर्टात लिहिलं: 'हिंडणे बंद. ध्यानस्थ.' सिस्टरने 'ध्यानस्थ' खोडून 'जागे' केलं. तिला अध्यात्माची ओढ नाही.

शुक्रवार, ७ मार्च
सिस्टरचं म्हणणं, दिवसा आजोबांना अंगणात उन्हात फिरवू आणि रात्रीचे राउंड कमी करू. फिरवायला हरकत नाही. पण आमचे गुरुजी म्हणायचे, डोळे मिटून शेताची राखण होत नाही. राउंड राहणार. चूक रंगाची आहे. लाल उग्र पडतो. हिरवा म्हणजे पिकाचा रंग, मन निवतं. कागद बदलला. आज आजोबा झोपणार.

शनिवार, ८ मार्च
रात्री जसं घडलं तसं लिहितो.
हिरवा उजेड पडताच आजोबा टुणकन उठले, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली आणि निघाले. शिट्टीने सगळे जागे. कोपऱ्यातल्या आजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आजींच्या खांद्यावर आणखी कुणी. सगळी रांग कॉरिडॉरभर. थांबवायला मी पुढे धावलो. टॉर्च हातात चालूच होता. त्यांचा वेग वाढला. स्वयंपाकघरापाशी आजोबा थांबले, म्हणाले, पाणी भरून घ्या. सगळे पाणी प्यायले. आजींनी माझ्याकडे तिकीट मागितलं.

त्याच दिवशी, दुपारी
आजोबांच्या मुलीला सांगणं भाग होतं. आधी ती पोट धरून हसली. म्हणाली, भाऊ, लाल दाखवलात तर ते गाडी थांबवून बसणार, हिरवा दाखवलात तर नेणार. जन्मभर दुसरं केलं काय त्यांनी? मग डोळे पुसले. म्हणाली, सोमवारी गोळी पुन्हा सुरू झाली की दुपारी झोपेत मला ओळखणार नाहीत. रागावली असती तर परवडलं असतं.
बाबा ड्यूटीवरून घरी आल्यावर काय करायचे, मी विचारलं. म्हणाली, दिवा मालवायचे आणि आईला सांगायचे, लागली गं गाडी यार्डात.

रविवार, ९ मार्च
देवाला म्हटलं, आजपासून टॉर्चशिवाय तूच बघ. सिस्टरने आजोबांना सकाळपासून उन्हात हिंडवलंय. मी फक्त एकदा कानाशी सांगणार: ड्रायव्हरसाहेब, गाडी यार्डात लागली. मग दिवा बंद. राउंड नाही. मात्र खुर्चीत बसून अंधारात अखंड पहारा देणार.

सोमवार, १० मार्च
आजोबा सकाळपर्यंत झोपले. सगळेच झोपले. डॉक्टरांनी विचारलं, नेमकं काय केलंत? प्रामाणिकपणे म्हणालो, काही नाही. सिस्टर म्हणाली, तेही घोरत. पहाटे अंगावर चादर कुणी घातली ते कळलं.
गोळी रद्द. दुपारी आजोबांनी मुलीला हाक मारली, चहा घेतलास का विचारलं, असा तिचा फोन आला.
टॉर्च मी सकाळीच सिस्टरच्या कपाटात ठेवला, किल्लीही तिलाच दिली. घरी येऊन आडवा झालो. डोळा काही लागेना. बायकोने कारण विचारलं नाही.