अकरावा ठोका

आबा, तुम्ही मारलेल्या पान्ह्यामुळं माझ्या डाव्या अंगठ्याचं नख अजून वाकडंच उगवतं. उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये लेथ नुकतं थांबलंय, मी मायक्रोमीटर धरून उभा आहे आणि तुम्ही विचारता, "किती आलं?" मी म्हणतो, "जवळजवळ बारा." "जवळजवळ म्हंजे किती रं?" पान्हा बसतो. रक्त जॉबवर, त्या कातलेल्या तुकड्यावर, सांडलं, ते तुम्ही आधी जॉबवरून पुसलंत, गंज धरेल म्हणून. मग म्हणालात, "आता बघ आणि सांग." अकरा पूर्णांक सत्त्याण्णव शतांश होतं. ते मी रडत वाचलं, पण बरोबर वाचलं. त्यासाठी तुम्हाला किती वर्षं शिव्या दिल्या त्याची गणती नाही, आणि त्याच नजरेच्या जोरावर आजवर मिरवलोही.

इथं परदेशात, सस्काटूनला, मी खाणींच्या यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस चालवणारे प्रोग्राम लिहितो. कॉलेजची पायरी चढलो नाही. लायब्ररीतून पुस्तकं आणायची आणि बेसमेंटमध्ये बसून शिकायचं, असं सगळं शिकलो. आता डिग्रीवाले माझ्याकडं कोड तपासायला आणतात, आणि हे मी चारचौघांत ऐकवतो.

गेल्या मंगळवारी आमच्या पंजाबी ऑपरेटरची दोन बोटं गेली. प्रेसचा दट्ट्या प्रत्येक ठोक्याला पाव मिलिमीटर जास्त खोल जायचा, चार ठोक्यांत एक मिलिमीटर झाला की वर जाऊन थांबायचा. सहा वर्षं थांबला. त्या दिवशी पत्रा पातळ होता म्हणून पावाऐवजी एक दशांशाचा टप्पा लावला. सेटिंगसाठी संरक्षक जाळी काढलेली होती. त्यानं दहा ठोके मोजले, दट्ट्या वर गेला, त्यानं पत्रा काढायला हात घातला, आणि अकरावा ठोका पडला. मी धावत जाऊन लाल बटण दाबेपर्यंत तेरावा पडला होता. हात आतच होता. स्ट्रेचरवर तो माझी बाही धरून एवढंच म्हणत राहिला, "भाईसाब, मैंने गिने थे. पूरे दस."

सेन्सर बसवणारा इंजिनिअर पुण्याचा. चूक सेन्सरचीच असं गृहीत धरून मी कॉलर पकडून त्याला कपाटावर आदळलं आणि तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला, चष्मा मोडला. काही ऐकून घ्यायच्या आधी हात सुटला, अगदी तुमच्यासारखा. तो रक्त पुसत म्हणाला, "अहो, अजून मारा हवं तर. पण आधी तुमच्या प्रोग्राममधला मोजणीचा लूप उघडून बघा."

मी उघडला. त्याच्यासमोरच एक दशांश दहा वेळा मिळवून मशीनला विचारलं, एक झाला का? उत्तर आलं, नाही. बेरीज शून्य पूर्णांक आणि पुढं सोळा वेळा नऊ. आबा, हे यंत्र आतून दोनाच्या भागांनी मोजतं. अर्धा, पाव, इंचाचा आठवा भाग, म्हणजे तुमचं सूत, हे त्याला तंतोतंत धरता येतं. दहावा भाग येत नाही, तो ते जवळजवळ धरतं. मी लिहिलं होतं, बरोबर एक झाला की थांब. बरोबर एक कधी झालाच नाही.

दशांश अचूक ठेवायची सोय त्या प्रोग्रामच्या भाषेत होती, आणि ती मला माहीत होती. जरा हळू चालते म्हणून घेतली नाही. एवढ्याशा फरकानं काय होतंय, असं तेव्हा मनात म्हणालो होतो, तेही आठवतंय.

कंपनीच्या रिपोर्टात आलंय की ऑपरेटरनं चालू प्रेसमध्ये स्वतःहून हात घातला. उद्या सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये त्यावर सह्या होतील आणि त्याची नोकरी जाईल. इंजिनिअर अजून सुजलेल्या ओठानं बोलतो. म्हणाला, "मी कुणाला काही सांगणार नाही. ओळ तुमची आहे, तुम्हीच बोला."

त्या ऑपरेटरसमोर बसून मला ते बोलायचं आहे. हॉस्पिटलात दोनदा गेलो, दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो. बायकोलाही सांगितलेलं नाही. ती ओळ माझी आहे हे आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय. तुम्हाला आधी सांगितलं, कारण फोटोतून तुम्ही आता हात उचलू शकत नाही.