पाट्याखालची बॅटरी

येळवस, मार्गशीर्ष अमावस्या, शुक्रवार

लिही मंजे. आधी हे लिही की वाचणारीनं स्वतःच्या डोक्यावर भरवसा ठेवू नये. वाचणारी म्हणजे तूच, दुसरं कोण वाचतंय. सकाळी केसात खोवलेली पिन दुपारी घरभर हुडकतेस. आज शेताच्या पूजेला निघालो तर आंबिलाचं मडकं, ती बिंदगी, उंबऱ्यातच विसरलीस. येळवशीला आंबील विसरणारी पोरगी निलंग्याच्या पंचक्रोशीत एकच असंल. मला अक्षर येत न्हाई म्हणून माझं सगळं डोक्यात ऱ्हातं. तुला येतं म्हणून काहीच ऱ्हात न्हाई.

शेतात कडब्याची कोप, पूजेची झोपडी, चांगली उभी ऱ्हायली. पूजेला विळा, खुरपं, आणि औंदा मंजीचं ड्रोन. बचत गटाच्या बायकांनी विश्वासानं हिच्या हाती दिलंय, फवारणीला. सगळ्या गावात ते उडवायला एकटी माझी नात शिकली. हरभऱ्याची शेवटची फवारणी झाली. आता सोयाबीन गुडघ्याला लागेस्तोवर त्याला काम न्हाई.

त्याच्या चार बॅटऱ्या. दोन विटा चिकटवाव्यात एवढी एकेक, पण विटेहून जड. मंजी म्हणाली, "आता निम्म्यावर आणून ठेवायच्या." मी म्हणाले, "येळवशीला निम्मं भांडं पुजायचं? बिंदगी काठोकाठ, तसं हेबी काठोकाठ." दिगूनं, म्हणजे हिच्या बापानं, माझ्या ल्योकानं, माझीच री ओढली. पोरगी हसली. चार्जर लावला. आत्ता लिहिताना तोंड वाकडं करून राहिली. करू दे.

आजच्या मिसळ भाजीत, भज्जीत, चिंच जास्त.


होळीच्या आधीचा रविवार

ऊन आतापासूनच. पत्र्याच्या खोलीत पाय ठेववत न्हाई. बॅटऱ्या तिथंच, कोपीतून आणल्या तशा, भरलेल्या. दोन दिवसांनी निम्म्यावर उतरवते म्हणाली होती. मग परीक्षा, मग मावसबहिणीचं लगीन, मग... वर सांगितलंच हाय.

आज पेटी उघडली. तिघी बऱ्या. चौथीचं पोट आलेलं. मी म्हणाले, "मंजे, हिला दिवस गेले. ओटी भर." हसली न्हाई. तेव्हाच माझ्या मनात चुकचुकलं.

विचारलं, कशानं. म्हणाली, "आत पातळ पापुद्रे असतात आजी, थरावर थर. मधी रसायन. पूर्ण भरून उन्हाच्या खोलीत ठेवली की ते रसायन नासतं, त्याचा वायू होतो. वायूला वाट न्हाई. मग फुगते."

"म्हणजे आकंठ जेवून उन्हात निजल्यावानी."

"हाव. तसंच. आणि पार रिकामी ठेवली तरी बिघडते. आणि उडून आल्या आल्या गरम असताना चार्जरला लावली तरी."

हे मला कळतं. घामाघूम बैलाला आणल्या आणल्या पाण्यावर सोडत न्हाईत.

दिगू म्हणाला, "म्हशीचं पोट फुगलं की डॉक्टर सुई टोचतो, फुस्स. हिला दाभण लावू का?" मंजी केवढ्यानं तरी वरडली. "बाबा, टोचायची न्हाई, दाबायची न्हाई, चार्जरला लावायची न्हाई. आत आग हाय." दिगू मला म्हणाला, "बघ, बापाला शिकवायली." पण दाभण ठेवून दिलं.


धुळवड

तिघी निम्म्यावर आणल्या. चार्जरलाच तसं बटण हाय म्हणे, साठवणीचं. मग गार जागा हुडकली. मातीच्या छताची, माळवदाची खोली. दिगूला ती पाडून वर पत्रे टाकायचे होते, मी दोन वर्षं अडवून धरलीय. आता बॅटऱ्यांनी माझी बाजू घेतली. मातीच्या कुंड्यात वाळू, एका कुंड्यात एक, मधी वीट. झाकण सैल. गवऱ्या, कडबा, रॉकेल काही जवळ न्हाई.

फुगलेली अंगणाच्या कोपऱ्यात, वाळूच्या घमेल्यात, वर पत्र्याचा आडोसा. लातूरच्या दुकानदारानं सांगितलं, सोमवारी घेऊन या, आम्ही तिची विल्हेवाट लावतो.

सोमवार म्हणजे सहा दिवस. पोरगी सगळ्यांना बजावून राहिली, हात लावू नका. मी म्हणाले, लिहून चिकटव. म्हणाली, "तुला वाचता येत न्हाई." म्हणाले, "तुझ्या बापाला येतं की." चिकटवायचं विसरली.


पाडवा

अक्षर सुनेचं, मंजीच्या आईचं हाय. मंजीचं गोल गोल होतं, हिचं मुंग्या चालल्यावानी. हे लिहू का म्हणते. लिही.

रंगपंचमीला झालं. इतक्या दिवसांत सांगायला तोंड उघडलं न्हाई.

सकाळी मंजी निलंग्याला गेली, सोमवारी बॅटरी न्यायला पत्र्याचा डबा आणायला. इकडं गल्लीतली पोरं रंगाच्या बादल्या घेऊन अंगणात. दिगूला वाटलं, पाणी लागलं तर बिघडंल. बॅटरी उचलून पत्र्याच्या खोलीत आणली. तिथवर चुकलंच, पण थोडं. मग त्याला वाटलं, हवाच हाय ना, दाबली की बसंल. आपण लोणच्याच्या बरणीवर दगड ठेवत न्हाई का. खाली फरशी, मधी बॅटरी, वर माझा पाटा. माझ्या सासूचा पाटा, दोघांनी उचलावा असा. ठेवला आणि शेताला गेला. मला सांगितलं न्हाई.

मी त्याच खोलीत, दारापाशी, सोयाबीनचं बी निवडत बसलेली. पाटा दिसला. वाटलं, पोरांच्या पायात नको म्हणून आत आणला असंल.

आधी वास आला. गोडसर, औषधाच्या दुकानात येतो तसा. मग दूध उतू जाताना होतो तसा आवाज. मग धूर. पाटा हलला. एवढा मोठा पाटा हलला. मी उठू बघते तर गुडघे उठेनात. हाक मारली का न्हाई ते आठवत न्हाई.

मंजी तेव्हाच एसटीतनं उतरून आली. डबा हातात. तिनं धूर बघितला, मला बघितलं. डबा टाकला. पाटा लोटला आणि ती बॅटरी दोन्ही हातांनी उचलली, माझ्या पुढ्यातनं नेऊन पोरं पांगलेल्या अंगणात फेकली. फेकता फेकता ती पेटली.

उचलायची नसती. हे तिनंच आम्हाला शिकवलं होतं. जवळ जायचं न्हाई, माणसं बाहेर काढायची, लांबून वाळू टाकायची. पण माणूस उठत नव्हतं, माणूस म्हणजे मी.

आज गुढी उभारली न्हाई.


हनुमान जयंती

लातूरच्या दवाखान्यात बघून आले. डावा हात बरा, वरवर भाजला. उजवा न्हाई. मांडीचं कातडं काढून तळव्याला लावलं. डॉक्टरीण चांगली हाय, माझ्याशी मोठ्यानं बोलते, मी बहिरी असल्यावानी. म्हणाली, जखम भरंल. अंगठा वाकंल का, ते सांगता येत न्हाई.

मंजी छताकडं बघत म्हणाली, "आजी, रिमोट दोन अंगठ्यांवरच चालतो."

मी जन्मभर जिथं तिथं अंगठा उठवला. रेशनला, बँकेत, मतदानाला. आमच्या घरात कामाचा अंगठा एकच होता. तो तिचा.

चेष्टा करावी म्हणून म्हणाले, "आता तूबी माझ्यावानी सांगत जा, दुसरी लिहील." तिनं तोंड भिंतीकडं केलं. माझ्या जिभेला हाड न्हाई.


अक्षय तृतीया

दिगू बोलत न्हाई. जेवतो, शेतात जातो, येतो. पाटा त्यानं उचलून नाल्यात टाकला, एकट्यानं. सूनबाई मिक्सरवर वाटते आता. पाटा त्यानं ठेवला, काठोकाठ भर मी म्हणाले. कुणी कुणाला धरायचं?

सूनबाई इथं थांबली होती. म्हणाली, "अत्याबाई, हे लिहू का?" लिही म्हणाले. मग दोघी रडलो. हे लिहू नको म्हणाले, तर तिनं लिहिलं.


अधिक महिना, गुरुवार

मंजी नांदेडला, कमळीकडं. कमळी माझी लेक, मंजीची आत्या. तिथं हाताच्या व्यायामाला रोज जायचं असतं. जावईबापू चांगले हायत, गाडीवर नेतात आणतात. अधिकाचे पुरणाचे धोंडे पाठवले त्यांना. हात जोडून पाठवले.

गटाच्या बायका आल्या होत्या. वाईट बोलल्या न्हाईत, तेच वाईट वाटलं. अध्यक्षीण म्हणाली, "काकू, सोयाबीनच्या फवारणीपर्यंत वाट बघतो. मग दुसऱ्या पोरीला शिकायला पाठवावं लागंल. ड्रोन उभं ठेवून कसं चालंल?" खरंच हाय. मी चहा दिला. तिला म्हणाले, "दुसरीला पाठवा, पण आधी माझ्याकडं पाठवा. बॅटरी कशी ठेवायची ते मी सांगते." ती हसली. मला हसायचं नव्हतं.

तिघींवर माझंच ध्यान हाय. दर सोमवारी कुंड्यातनं काढायला सांगते, सूनबाई काढते. लाकडी पाटावर ठेवून बोटानं ढकलते. सपाट असली की गप बसते. डुलली की समजायचं पोट धरलं. आजवर एकबी डुलली न्हाई. मधी बॅटरीवरचे दिवे बघितले, एकीचं भरणं उतरलं होतं. फोनवर मंजीला विचारून पुन्हा निम्म्यावर आणली. फोनवर म्हणजे कमळीनं विचारून सांगितलं. मंजी फोनवर येत न्हाई.


मृग निघाला

ढग हायत, पाऊस न्हाई. दिगूनं बी काढलं. मी निवडलं होतं तेच. धुराचा वास अजून पोत्याला. उगवंल का म्हणून ओल्या कापडात घालून बघितलं. निम्मं उगवलं.


नंतरचा सोमवार

कमळीचा फोन. म्हणते, पोरगी व्यायामाला जाते पण करत न्हाई. रबराचा चेंडू देतात दाबायला, हातात धरून बसते. दाबायचं म्हटलं की घामाघूम होते. म्हणते, हातात अजून ती हाय. गरम.

सगळं विसरणारी पोरगी. पिन विसरली, आंबील विसरली, चिकटवायची चिठ्ठी विसरली. देवा, एवढं एक तिला विसरू दिलं असतं तर तुझं काय जात होतं.

कमळी म्हणाली, "मी घास भरवते माय तिला. डाव्यानं सांडतं." माझं डोकंच फिरलं. म्हणाले, "बावीस वर्षांच्या पोरीला घास भरवतेस? ती काय तान्ही हाय? अशानं वाकायचा तो अंगठाबी वाकणार न्हाई!" कमळी रडली.

मला वाटतं, न्हाई वाकायचा. दिवसभर हेच वाटतं. सोयाबीन उगवंल, वाढंल, अळी पडंल, आणि वर आभाळात दुसऱ्याच पोरीचं ड्रोन घुमंल, आणि माझी नात नांदेडला भिंतीकडं तोंड करून. तरी तिघी गार जागेत निम्म्या भरून ठेवल्यात. कुणासाठी, माहीत न्हाई.


बुधवार

उद्या दिगू नांदेडला चाललाय. पाटा ठेवल्यापासून पहिल्यांदा लेकीपुढं उभा ऱ्हाणार. आज दाढी केली, तर लहान पोरावानी दिसतो.

सूनबाई, पिशवी भरायचीय, नीट लिही, मग वाचून दाखव. लाडू नको. शिरा नको, खिचडी नको, चमच्यानं खायचं एकबी नको. भाकरी ताजी नको, कडक करून वाळवलेली दे, मोडताना कडकन वाजली पाहिजे. आणि भुईमुगाच्या शेंगा, भाजलेल्या. एक शेर. टरफलासकट. कमळीला सांग, आईची आण हाय, मंजीला एकबी शेंग फोडून द्यायची न्हाई.