आक्काची सोनोग्राफी

मंगळवार, संध्याकाळ

आज थोरल्या बहिणीची, आक्काची सोनोग्राफी. कंबरेतून कळ येते, खडा असेल म्हणून मला धाकधूक. लघवीची पिशवी भरलेली हवी, हे फोनवर बजावलं होतं. तरी बाई फुलंब्रीहून कोरडीच आली! बसनं यायचं म्हटलं की सकाळपासून पाण्याचा घोट नाय, ही तिची जन्माची रीत. मग सोनोग्राफी सेंटरच्या बाकावरच तिला पाणी पाजत बसलो आणि मूत्रपिंडं समजावली. ती नुसती गाळणी नव्हे. रक्तातलं पाणी गाळतात, कामाचं जवळजवळ सगळं रक्तात परत घेतात, उरलं तेवढंच खाली सोडतात. पाणीच कमी, तर क्षार साचून खडा. (स्वतः वाचून शिकलोय. डॉक्टर तरी इतकं नीट सांगतात का?)

आक्का म्हणाली, "लई हुशार रे तुझी किडनी. पण तिच्यासाठी बस थांबती का?"

हे कुठल्याच पुस्तकात कसं नाही?

खडा निघालाच, पण बारीक. भरपूर पाणी प्यायलात तर पडून जाईल, डॉक्टर म्हणाले. जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर आक्कानं तांब्याभर पाणी रिचवलं आणि फर्मान सोडलं, "आता फुलंब्रीला तूच सोड. म्हणीन तिथं गाडी थांबवायची."

दोनदा थांबवली. दोन्ही मूत्रपिंडं झकास चालू आहेत.