गोल असेल तिथे साहेब येतात

आबा, तुमची यादी सापडली. आईला वारज्याच्या फ्लॅटमध्ये कायमची राहायला आणली, तिच्याबरोबर तुमची पत्र्याची ट्रंक आली, आणि ट्रंकेच्या तळाशी, कारखान्यातल्या स्टोअरच्या जुन्या फाइलमध्ये, आपल्या वस्तीची मतदार यादी. तुमच्या शेवटच्या निवडणुकीची. कडेला पेन्सिलीच्या त्याच तीन खुणा. माणूस पक्का असेल तर बरोबरची खूण, विरोधातला असेल तर फुली, कुंपणावरचा असेल तर गोल. मी ती रद्दीत टाकायलाच काढली होती. त्या यादीचा मला इतका राग आहे, की तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही. पण टाकण्याआधी सवयीनं चाळली, आणि आता तीन दिवस झाले, ऑफिसच्या बसमध्ये बसले तरी तीच डोळ्यांपुढे येते.

निवडणूक महिन्यावर आली की आपलं स्वयंपाकघर म्हणजे तुमची कचेरी. आई भाकऱ्या थापतेय, मी पाटावर बसून गणितं सोडवतेय, आणि तुम्ही भिंतीला टेकून, चष्मा नाकावर घेऊन एकेक नाव वाचताय. कोपऱ्यावरची म्हातारी आहे का अजून, असं तुम्ही विचारायचं आणि आईनं म्हणायचं, आहे तर, सकाळीच नळावर भांडली माझ्याशी. तेवढ्यानं तुमचं भागायचं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हातारीच्या दारात जाऊन विचारून यायचात, मगच पेन्सिल टेकवायचात. कारखान्यात स्टोअर सांभाळताना नोंदीशिवाय एक बोल्ट बाहेर जाऊ दिला नाहीत, तसंच हे. अशी यादी अख्ख्या वॉर्डात कुणाचीच नव्हती. आपल्या वॉर्डातून निवडणूक लढवणारे साहेब भर सभेत म्हणाले होते की या माणसानं खूण केली म्हणजे मत पेटीत पडलं समजा, आणि ते तुम्ही आम्हाला घरी येऊन तीन वेळा सांगितलंत. साहेबांचा नियमही तुम्हीच कौतुकानं सांगायचात. बरोबरची खूण असेल तिथे जायचं नाही, वेळ फुकट. फुली असेल तिथे कामं करायची. गोल असेल तिथे साहेब स्वतः जाणार, बसणार, चहा घेणार. अहो आबा, हे सांगताना एकदाही तुमच्या डोक्यात आलं नाही का, की आपल्या अख्ख्या गल्लीला तुम्ही बरोबरच्या खुणा करून ठेवल्या होत्यात?

साहेब आपल्यातलेच. आई सांगते, सुरुवातीला आपल्याच ओट्यावर बसून पिठलं-भाकरी खायचे. निवडून आले आणि त्यांचं तोंड कॅनॉलच्या पलीकडे वळलं ते वळलंच. पलीकडे सोसायट्या. त्यांनी साहेबांना कधी मत दिलं नव्हतं, आणि आपल्या वस्तीचं नाव निघालं की ते नाकाला रुमाल लावायचे. तर साहेबांनी त्यांना बाग करून दिली, बागेत चालायला फरशी घातली, म्हाताऱ्यांना बाकडी दिली. सदाशिव पेठेतल्या व्याख्यानांना जाऊन पहिल्या रांगेत बसायला लागले, बोलण्यात ‘आपण’ यायला लागलं. ज्या गृहस्थांनी आपली वस्ती इथून हलवा म्हणून सह्या गोळा केल्या होत्या, त्यांच्या पंच्याहत्तरीला साहेब शाल-श्रीफळ घेऊन हजर. तुमचं आपलं एकच, राजकारणात मन मोठं ठेवावं लागतं. असेल बाबा. कॅनॉलच्या अलीकडे यायला मात्र त्या मोठ्या मनाला कधी रस्ता सापडला नाही.

बाग तिकडे गेली, बाकडी तिकडे गेली, त्याचं मला काही नव्हतं. माझा जीव अडकला होता अभ्यासिकेत. विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत मुलांना बसायला एक खोली बांधून देतो, हा शब्द साहेबांनी दिला तेव्हा मी आठवीत होते. दहावीला तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी. बारावीलाही पुढच्या वर्षी. तोवर गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि जो तो म्हणत होता की आता पोरांना हेच शिकवा. मग तुम्ही दारोदार जाऊन सांगितलंत, खोली होणार, खोलीत कॉम्प्युटरही बसणार. शब्द साहेबांचा होता, पण आपल्या गल्लीला तो दिलात तुम्ही. बायका मला नळावर विचारायच्या, काय गं, तुझ्या बाबांची खोली कुठवर आली? साहेबांची नव्हे, तुझ्या बाबांची.

आणि ती झाली. पलीकडे. बागेच्या टोकाला, दोन कॉम्प्युटर, थंडगार फरशी, दारावर पाटी की प्रवेश फक्त परिसरातील विद्यार्थ्यांसाठी. उद्घाटनाला खुर्च्या मांडायला माणसं हवी होती म्हणून साहेबांनी तुम्हाला बोलावलं, आणि तुम्ही गेलात, इस्त्रीचा शर्ट घालून. मीही आले होते, मागे उभी होते. साहेब भाषणात आपल्या वस्तीकडे हात करून म्हणाले, "पलीकडची वस्ती म्हणजे माझं घर आहे. घरच्यांना काही सांगावं लागत नाही, ते समजून घेतात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही हातातली खुर्ची खाली ठेवून टाळ्या वाजवल्यात. मला तिथेच रडू आलं, रागानं.

त्या दिवशी घरी मी जे बोलले ते तुम्हाला आठवत असणार, मला तर शब्दन् शब्द आठवतोय. "आबा, एकदा, फक्त एकदा आपल्या गल्लीला गोल करा. बघा कसे धावत येतात ते." आईचा हात तव्यावरच थांबला. तुम्ही चष्मा काढलात, सदऱ्याच्या टोकानं पुसलात आणि शांतपणे म्हणालात, "खोटी खूण करायची नाही. स्टोअरमध्ये एक नग खोटा लिहिला की सगळं कपाट खोटं होतं." मी म्हटलं, मग बसा त्या कपाटात. ताट सारून उठले. असल्या प्रामाणिकपणाचं करायचं काय, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आज दहा माणसं हाताखाली असूनही कळत नाही.

पुढच्या निवडणुकीच्या आधी साहेब आपल्या घरी आले. निवडून आल्यानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आईची नुसती धांदल. तिनं शेजारच्या बाईंकडून सोनेरी कडेचे कप मागून आणले. मी आतल्या खोलीत बसून राहिले, बाहेर आलेच नाही, पण मधल्या पडद्यातून सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी विचारलं, काही नाराजी आहे का. तुम्ही चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवलात. मग म्हणालात, साहेब, विहाराशेजारची ती खोली. साहेब हसले. "घरच्या कामाला कसली घाई? आधी बाहेरच्यांचं उरकू." आणि तुम्ही म्हणालात, "बरं." बस्स. बरं! ते गेल्यावर तुम्ही ते कप स्वतः विसळायला बसलात, हळू, एकेक करून. मी मोरीच्या दारात उभी राहून तुम्हाला म्हटलं, की एक कपभर चहासाठी तुम्ही लाचार झालात. तुम्ही कप कोरडे केलेत आणि शेजारी देऊन आलात. पुढे महिनोन् महिने आपण कामापुरतंच बोललो. कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली तेव्हाही मी तुमच्याजवळ येऊन बसले नाही. आणि मग तुम्ही गेलातच, छातीत दुखतंय म्हणेपर्यंत सगळं संपलं.

आता ऐका. यादीत आपल्या गल्लीचं पान आहे. कोपऱ्यावरच्या म्हातारीला बरोबरची खूण. आईला बरोबरची खूण. मलासुद्धा, कारण तुम्हाला ठाऊक होतं की मी कितीही तडतडले तरी तुमच्यासाठी मत त्यांनाच देणार, आणि दिलंच की मी. पान भरून खुणाच खुणा. आणि तुमच्या स्वतःच्या नावापुढे गोल. आधीची खूण खोडून केलेला, दोनदा गिरवलेला. म्हणजे साहेब आले ते त्या गोलामुळे. मी सांगितलेलं तुम्ही ऐकलं होतंत, पण गल्लीचं नाव खराब होऊ दिलं नाहीत, स्वतःचं तेवढं पुढे केलंत. तेही चहासाठी नाही, खोलीसाठी. मला बोलला का नाहीत हो? बरं, तुम्ही तर खोटी खूण करत नव्हतात. मग तो गोल खरा होता का? तीस वर्षं ज्यांच्या सतरंज्या अंथरल्या त्यांच्याबद्दल तुम्हालाच शंका आली होती, आणि ती तुम्ही फक्त पेन्सिलीनं सांगितलीत? दोन्हींतलं कुठलंही खरं असलं तरी मी जे बोलले ते परत घेता येत नाही, आणि म्हणूनच तुमच्यावरचा राग आणखीच वाढलाय. असं कुणी गप्प बसतं का?

साहेब आता पलीकडच्यांच्याच पक्षात आहेत. रीतसर, गळ्यात हार घालून घेऊन तिकडे गेले. मोठ्या निवडणुकीला उभे आहेत आणि त्यात वारजेही येतं. परवा त्यांच्याकडची एक बाई आमच्या सोसायटीत यादी घेऊन आली. आता यादी कॉम्प्युटरवरून काढलेली असते, खुणांऐवजी रंग असतात, एवढाच काय तो फरक. तिनं विचारलं, मॅडम, तुमचं ठरलंय का? माझं कधीच ठरलंय, त्यांना मत द्यायचं नाही. पण मी म्हटलं, नाही, अजून विचार करतेय. तिनं माझ्या नावावर पिवळा रंग ओढला आणि म्हणाली, मग रविवारी साहेब स्वतःच येतील, पाच मिनिटं बसतील. ते मला ओळखणार नाहीत. मी त्यांना विचारणार आहे, विहाराशेजारच्या खोलीचं काय झालं. ती जागा अजून तशीच मोकळी आहे, आबा, मी जाऊन बघून आले.

विचारणार आहे, असं लिहितेय खरी. आईला कोण येणार ते सांगितलेलं नाही. पण काल ऑफिसमधून लवकर निघून मी तुळशीबागेत गेले आणि सहा कप घेऊन आले, सोनेरी कडेचे.