मोरीखालचं अर्थिंग

आबा,

दारात कालपासून एक पांढरी गाडी उभी आहे आणि मला धड बसवत नाही. चहा करायला गेले की मध्येच खिडकीतून तिच्याकडे बघते, कपडे वाळत घालताना बघते. शोरूमवाल्यांनी दोन दिवस वापरून बघा म्हणून दिली आहे. आज संध्याकाळी महाडला परत न्यायची आणि घेते की नाही ते सांगून मोकळं व्हायचं. शाळेला मे महिन्याची सुट्टी आहे, नाहीतर एवढा वेळ मला कुठला? तुम्ही असता तर बॉनेट उघडून, आत डोकं घालून, तासाभराने एकच शब्द बोलला असतात. तो शब्द काय असता याचाच विचार दोन दिवस करते आहे.

गाडी लागते ती आईसाठी. तुम्ही गेलात तेव्हा ती धडधाकट होती. आता मंगळवार आणि शुक्रवार तिला डायलिसिसला महाडला न्यावं लागतं. शेजारच्याची रिक्षा ठरवलेली आहे, पण त्याचं लग्नसराईत एक, पावसात दुसरं. गेल्या पावसात एकदा तो आलाच नाही. दुसरी गाडी मिळेपर्यंत दिवस गेला आणि आईचे पाय असे सुजले की चप्पल चढेना. मी त्या दिवशी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होते, दुसरं काहीही करू शकत नव्हते. पुन्हा पाऊस तोंडावर आला आहे. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच मी धरून बसले आहे.

ही गाडी दोन्हीवर चालते, पेट्रोलवर आणि विजेवर. घरी चार्जिंगला लावायची, वीज असेल तोवर विजेवर पळते, संपली की आपली आपण पेट्रोल घेते. निव्वळ विजेची घ्यायची हिंमत मला झाली नाही. तळीयेवर दरड आली त्या पावसात इकडे किती दिवस अंधार होता ते मी पाहिलं आहे, आणि महाडकडे पाणी भरलं की लांबचा वळसा पडतो तो वेगळाच. विजेवर पन्नासेक किलोमीटर जाते म्हणतात. मी आपल्या चढांचा हिशेब धरून चाळीस समजते. पोलादपूर ते महाड जाऊन-येऊन तेवढंच. उणं म्हणाल तर मागे बॅटरीने डिकीची निम्मी जागा खाल्ली आहे, आणि आईची व्हीलचेअर आडवी घातली की भाजीची पिशवीसुद्धा मांडीवर घ्यावी लागेल. बूड थोडं खाली आहे, वस्तीच्या वळणावर एकदा घासलं. काल डायलिसिस आटोपल्यावर आईला मागे आडवं करून आणलं. निघाल्यावर फर्लांगभर आवाज नाही, तर आई उठून बसली. "गो, बंद पडली काय?" म्हटलं, चालू आहे. "मग वरडत का नाय?" पुढे चढाला इंजिन घुर्रर्र करून लागलं तेव्हा म्हणाली, "हां, आता जागी झाली," आणि झोपली. रिक्षातून येताना ती दांडा घट्ट धरून असते, आबा. काल तिचे हात पोटावर होते. गाडी तिथेच माझ्या मनात बसली होती.

काल चार वाजता शोरूमचा माणूस घरची वायरिंग बघायला आला. माझ्याच वयाचा, वरंधकडचा, बोलायला चांगला. व्हरांड्यातल्या मोठ्या सॉकेटमध्ये त्याने चार्जर लावला. पेटला तो लाल दिवा. काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा लाल. मग खिशातून मीटर काढून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, अर्थिंगच नाय घराला. हा चार्जर असा घेणार नाय. वायरिंग कोणी केलंय?" आणि मी काय बोलले माहीत आहे? "जुनं काम आहे हो. तेव्हा चालून जायचं कसंही." तो हसला, मीही हसले. उद्या पुन्हा येतो म्हणून तो गेला आणि मी व्हरांड्यात तशीच उभी राहिले.

कसंही! तुमच्या कामाला! कारखान्यात आठ तास वायरमन आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावची घरं. मी सातवीत असताना इस्त्रीची पिन दोन भोकांच्या बोर्डात जाईना म्हणून तिची वरची जाडी पिन पकडीने मोडली होती. घरोघरी तसंच करायचे सगळे. तुम्ही संध्याकाळी ती पिन बघितलीत आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात. मग खाली बसून, तीच मोडकी पिन हातावर ठेवून म्हणालात, "ही सगळ्यात लांब का हाय? आत जाताना ही पयली जाते नि बाहेर येताना शेवटी येते. बाकीच्या दोघी काम करतात, ही नुसती राखण करते. तू राखणदारच मारलास." मी रडत होते. पुढच्या पगाराला तुम्ही मला माझा स्वतःचा टेस्टर आणून दिलात, पिवळ्या मुठीचा. वर्गातल्या मुलींना रिबिनी मिळत आणि मला टेस्टर, म्हणून मी तुमच्यावर आणखी दोन दिवस रुसले.

रविवारी तुमच्याबरोबर पिशवी धरून मी येत असे. तुम्ही खड्डा खणता आहात, कमरेएवढा, मग आणखी. पाइप उभा करता, त्याच्याभोवती कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, आणि मला सांगता, "ओत पाणी. जमीन सुकी राहिली तर वीज जाईल कुठं?" वरच्या वाडीत एका घरी तुम्हाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. वायर बाहेरून खिडकीतून आत सोडायला लावली, आतून त्यांच्या सुनेने ओढून घेतली. मला वाटलं, यांचा खड्डा तुम्ही वीतभर उथळ कराल. मी असते तर केला असता. तुम्ही तो आपल्या बुद्धविहारासाठी खणला होता तेवढाच खोल खणलात. परत येताना मी चिडून विचारलं तर म्हणालात, "शॉक माणसाला लागतो गो. घराला नाय." हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरीही कसंही म्हणाले.

त्याहून वाईट सांगते. काल संध्याकाळी घराला चार फेऱ्या मारल्या, पाइप कुठे दिसेना, तेव्हा मला खरंच वाटलं की तुम्ही केलंच नसेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, गावाला अर्थिंग आणि आपल्या घराला तेवढं राहून गेलं असेल. मला तुमचा रागच आला. आईच्या गाडीत तुमचा आळस आडवा येतो आहे असं मनात आलं, आणि मी तिला तसं विचारलंही, तोंड वाकडं करून. ती बाजेवर पडली होती. "आपल्या घराला अर्थिंग केलंच नाही का गं आबांनी?"

ती कोपरावर उठली. "तू वटा केलास ना स्कुटीला? त्याच्याखाली हाय."

मागची मोरी आठवते तुम्हाला? आई भांडी घासायची ती. मोरीचं पाणी जिथे पडायचं, बरोबर तिथेच तुम्ही पाइप पुरला होता. वेगळं पाणी घालायची कुणाला आठवण राहते, म्हणून भांड्यांच्या पाण्यावर सोय करून ठेवली होतीत. आई म्हणाली, "ते बोलले होते, तू भांडी घासशील तवर घराला भ्या नाय." मी काय केलं, तर तुमच्या माघारी स्वयंपाकघरात सिंक बसवलं, पाणी नळीने लांब गटारात सोडलं, आणि मागे चिखलात स्कुटी रुतते म्हणून काँक्रीटचा ओटा ओतून घेतला. गवंड्याने वर आलेला पाइप कापू का विचारलं असणार आणि मी काप म्हटलं असणार. मला आठवतसुद्धा नाही. आपल्या मुरमात पाणी नाही म्हणजे सगळं कोरडं ठक्क. इतकी वर्षं घर तसंच उभं होतं, आणि त्यात मी तिला फ्रीज उघडायला लावत होते, गिझर लावायला लावत होते.

दिवस होता तोवर पहार घेऊन ओटा फोडला. पाइप वीतभर खाली सापडला. तुमची तार जागेवर होती, पाइपला ती आवळणारी पट्टीही तुमचीच, फक्त गंजली होती. घासून, नवा बोल्ट घालून आवळली. माझ्या हाताला ते काम अजून येतं हे बघून बरं वाटलं. मग बादल्या ओतत राहिले. आई भिंत धरून मागच्या दारात येऊन बसली आणि म्हणाली, "एक मला दे." डायलिसिसमुळे तिला दिवसाला मोजून चार पेले पाणी प्यायला मिळतं, आबा. घसा सुकला तरी ओठ ओले करून गप्प बसते. तिने तांब्या तांब्याने अख्खी बादली तुमच्या खड्ड्यात घातली, अजिबात घाई केली नाही. मला तिच्याकडे बघवेना.

आज सकाळी चार्जर लावला, हिरवा लागला. मी एकटीच टाळी वाजवली. अकराला तो शोरूमचा माणूस आला, मीटर लावून बघितला, खूश झाला. "एक नंबर! नवीन अर्थिंग करून घेतलंत काय? एका रात्रीत?" आणि मी म्हणाले, हो. का म्हणाले ते नक्की सांगता येत नाही. स्वतःच पाइप कापून वर काँक्रीट ओतलं हे त्या परक्या माणसासमोर कबूल करायचं जिवावर आलं. बाई शिकलेली, शाळेत विज्ञान शिकवते, आणि हे करते! त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "बरं केलंत. जुन्या लोकांच्या कामाचा काय भरवसा नाय." मी त्याला पाणी आणायला आत गेले.

गाडी घेते आहे. संध्याकाळी सांगून येईन. पाऊस लागायच्या आत मिळेल म्हणतात, आणि त्या एका गोष्टीने माझी अर्धी झोप परत येईल. उरलेल्या अर्धीचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून हे लिहीत बसले. पाठवायला पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवावं तर तेही जमणार नाही. तो माणूस गेल्यावर तिने आतून विचारलं होतं, "सांगितलंस ना गो त्याला, तुझ्या बापाचं काम हाय म्हणून?" मी सांगितलं म्हणाले. तेव्हापासून ती येईल त्याला सांगते आहे की महाडचा एवढा मोठा माणूस तुमचं काम बघून गार झाला. आता शेजारची आली आहे, तिलाही तेच चाललं आहे. मी इथे बसून ऐकते आहे आणि लिहिते आहे.